फल्लीच्या रश्शातली कोंबडी आणि कस्तुराबाईचं नाक

इंझोरीत कस्तुराबाईचा विषय निघाला की माणसं आधी तिच्या नाकाबद्दल बोलतात. नाक दिसायला काही विशेष नाही. थोडं बसकं, डाव्या बाजूला खड्याची चमकी, एवढंच. पण त्या नाकानं बावीस वर्षं गावाच्या भंडाऱ्याचं मीठ सांभाळलं.

झालं असं, की भंडाऱ्याचं जेवण देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय जिभेवर ठेवायचं नाही, हा इकडचा जुना नेम. आता चारशे पानांची वांग्याची भाजी कढईत रटरटते आहे, तिच्यात मीठ कमी पडलं की जास्त झालं, हे न चाखता कळावं कसं? तर कस्तुराबाईला बोलवायचं. ती पदर खोचून यायची, झाकण काढायला लावायची, मोठ्या कलथ्यानं तळापासून एकदा ढवळायला सांगायची आणि डोळे मिटून वाकायची. मग म्हणायची, "दोन मुठी टाक." कधी म्हणायची, "पाणी टाक अन् बटाटे सोड, तुनं दोनदा मीठ टाकलं." लोक सांगतात त्यातलं निम्मंच खरं धरलं, तरी उरलेलं निम्मं पुष्कळ आहे.

एका शिकलेल्या पाव्हण्यानं तिला विचारलं होतं, मिठाला वास असतो का? ती म्हणाली, "मिठाले नसते बाप्पा. मीठ पडल्यावर वांग्याले येते. बिनमिठाचं वांगं पाल्यावानी वास मारते."

ही बाई शाळेची पायरी चढली नाही, पण चौकशीत तिचा हात धरणारं कुणी नाही. एसटीत शेजारच्या बाईच्या डब्याचं झाकण उघडलं की ही आत काय काय पडलं ते सांगणार, आणि एखादी गोष्ट नाही ओळखता आली तर उतरायचं ठिकाण आलं तरी उठणार नाही. शिरपूर जैनला एकदा देवळाच्या भोजनशाळेत जेवली. तिथल्या वरणात कांदा नाही, लसूण नाही, आणि तरी वास असा की दुसऱ्यांदा भात घ्यावा. मग ही स्वयंपाकघराच्या दाराशी ठाण मांडून बसली. "काहून?" हा तिचा आवडता शब्द. नवरा इंद्रभान बाहेर दीड तास ताटकळला आणि बस निघून गेली. हिंग तुपात किती वेळ ठेवायचा, एवढं समजल्यावरच ती हलली.

तर अशा बाईचं नाक गेलं.

मागच्या हिवाळ्यात चार दिवस ताप आला. पाचव्या दिवशी सून रूपालीनं चहा दिला, तर तो नुसतं गरम गोड पाणी. सर्दी असेल म्हणून तिनं सोडून दिलं. आठ दिवस गेले, महिना गेला. एक दिवस घरात कुणी नाहीसं पाहून तिनं हिंगाची डबी उघडली आणि नाकाशी धरली. काही नाही. लसणाची पाकळी ठेचली. काही नाही. गोठ्यात जाऊन ताज्या शेणाशी वाकली, तिथंही काही नाही. गुडघ्याचं निमित्त सांगून ती कारंज्याला डॉक्टरकडे गेली. तो म्हणाला, येईल हळूहळू, कुणाकुणाला येतही नाही. जिभेवर मीठ, आंबट, गोड तेवढं कळायचं, तिखटानं तोंड भाजायचं. पण वांगं कोणतं आणि दोडका कोणता, हे आता दातांनाच ओळखावं लागे.

तिनं हे कुणाला सांगितलं नाही. इंद्रभानला नाही, रूपालीला नाही, पुण्याला असलेल्या मुलाला, गणेशला तर नाहीच. भीती वाटली, हे सरळ सांगायला हवं. चार एकराच्या शेतात जन्म गेला, पण सातबारा नवऱ्याच्या नावावर, घर सासऱ्याच्या नावावर. तिच्या स्वतःच्या नावानं गावात एकच हाक उठायची, "कस्तुराबाईले बलावा." ती हाक बंद पडली तर आपण कोण, हे तिला समजत नव्हतं.

हनुमान जयंतीला हाक आलीच. ती गेली, पदर खोचला, डोळे मिटून कढईवर वाकली. तोंडावर गरम वाफ आली, बाकी शून्य. मागं सगळं गाव उभं. गोविंदसिंग आचारी हात बांधून वाट पाहत होता. ती म्हणाली, "बरोबर हाय." मग न जेवताच घरी गेली. पंगती उठल्या, कुणी तक्रार घेऊन आलं नाही. पण त्यानंतर आठ दिवस तिला घास गोड लागला नाही. आणि आता पोळा झाला की गणपती, आणि गणपतीत पुन्हा भंडारा.

अशात त्या कोंबडीचा विषय निघाला.

गणेश पुण्याच्या एका हॉटेलात स्वयंपाकी होता. आधी भांडी, मग कांदे, मग तंदूर असं करत करत तो वर्षभरापूर्वी थाई जेवणाच्या चुलीवर पोचला. आई फोनवर रोज विचारायची, आज काय केलं, आणि तो जी नावं सांगायचा ती तिच्या डोक्यावरून जायची. पोळ्याच्या आदल्या दिवशी तो सहज बोलून गेला, "फल्लीदाण्याच्या रश्शासंगं कोंबडी. लई चालते."

"फल्लीची?" कस्तुराबाईनं फोन रूपालीच्या हातून ओढून घेतला. "उपासाची फल्ली? कोंबडीसंगं?"

एकादशीला भगरीवर जी शेंगदाण्याची आमटी ओढून लोक पोट भरतात, तीच आमटी कोंबडीच्या शेजारी बसलेली तिच्या नजरेसमोर येईना.

"त्या लोकायले उपास नसते काय?"

"मले काय मालूम, आई."

"वर्षभर थेच बनवून राह्यला, अन् विचारलं नाही?"

गणेश हसला. पण कस्तुराबाईला आता चैन पडणार नव्हतं. आपला पोरगा तिकडे दिवसभर काय शिजवतो, हे एकदा आपल्या चुलीवर पाहायलाच हवं. श्रावणभर घरात कोंबडी नव्हती, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, ती होणारच होती. रूपालीही तयार झाली. तिला तर नवऱ्याच्या हातचं ते काय असतं, हे केव्हाचं पाहायचं होतं.

करीच्या सकाळी गणेशनं सांगितलेली यादी घेऊन दोघी फिरल्या. गवती चहा न्हाणीच्या पाण्यावर माजलाच होता. बैलांपुढं फोडलेले नारळ ओले होते, ते किसून, गरम पाणी घालून पिळली की दूध. चिंच, गूळ, लसूण, लाल मिरची घरातली. एक काळी बाटली तेवढी रूपालीनं कारंज्याहून आणली होती.

"हे काय होय?"

"सोयाबीनचा रस, आई. मिठाच्या जागी थोडा टाकतात."

"आपली सोयाबीन?" कस्तुराबाईनं बाटली उजेडात धरली. इतकी वर्षं सोयाबीन पेरलं, निंदलं, काढलं आणि पोती भरून बाजार समितीत नेलं, पण त्यातला दाणा कधी पानात पडला नव्हता. "काळी काहून झाली? जाळतात काय?" तिनं बोटावर थेंब घेऊन चाटला. खारट. पुष्कळ खारट. तिला बरं वाटलं, कारण हे तिला कळलं होतं.

कोंबडी मात्र घरात शिजत नाही. आत देवघर, म्हणून मांसमच्छीची चूल अंगणात, निंबाखाली, तीन दगडांची. तिथला कारभार इंद्रभानचा, भांडीही वेगळी. आणि फल्ली पडली आतली, तिची पातेली उपासाची. ती बाहेर कशी न्यायची? कस्तुराबाईनं निकाल दिला, रस्सा आत होईल, कोंबडी बाहेर होईल, दोघांची भेट ताटात. तिला वाटलं आपण त्या परदेशी पदार्थाची मोडतोड करतो आहोत. फोनवर गणेशला विचारलं तर तो म्हणाला, "तसंच राह्यते आई. कोंबडी काडीवर भाजाची, रस्सा बाजूले वाटीत."

"पाह्य!" कस्तुराबाई नवऱ्याकडे वळून म्हणाली. "त्यायच्यातबी देवघर आतच असन."

इंद्रभाननं मागच्या हंगामातल्या तुरीच्या तुराट्या सोलून, बारीक काड्या करून बादलीत भिजत घातल्या होत्या. रूपाली बाहेर बसून हळद, लसूण आणि गवती चहाच्या वाटणातले कोंबडीचे तुकडे त्यांवर ओवू लागली. "रस्सा सोडून कोंबडीले काडीवर काहून चढवता," असं इंद्रभानचं पुटपुटणं चालू होतं, पण निखारे तो मन लावून पसरत होता.

आत कस्तुराबाईनं गॅसवर कढई ठेवून दाणे टाकले.

दाणे भाजणं हे तिचं नाकाचं काम. पूर्वी ती कढईकडे पाठ करून भाकरी थापायची, आणि दाणा नेमका झाला की मागं न पाहता हात लांबवून गॅस बंद करायची. मागच्या आठ-नऊ महिन्यांत तिनं दुसरी रीत शोधली होती. कढईवरून नजर हलवायची नाही, दाणे तडतडू लागले की मनात शंभर मोजायचे. आजही ती मोजत होती. तेवढ्यात ओट्यावर उभा करून ठेवलेल्या फोनमध्ये गणेश दिसू लागला. दुपारची गर्दी ओसरली होती, तो आईला आपली चूल दाखवत होता. केवढी जाळाची झळ, केवढी खोलगट कढई, भिंतीला टांगलेले पळे. एका पोत्यात हिरवी फळं होती.

"थे काय? लिंबं?"

"लिंबंच, पन सालीवर मुरमं असल्यावानी."

"जवळ आन. अजून जवळ आन."

ती फोनला नाक लावून पाहत होती, हसत होती. शंभरचा आकडा कुठं राहिला, तिला भान उरलं नाही.

"आई! दाणे जळून राह्यले!"

रूपाली अंगणातून धावत आली. कढईतून धूर निघत होता, जळक्या दाण्यांचा वास पार निंबापर्यंत गेला होता, आणि सासू कढईपासून दोन हातांवर उभी राहून फोनकडे पाहून हसत होती. रूपालीनं गॅस बंद केला. मग फोनही बंद केला.

"सर्दी झाली वाटते मले," कस्तुराबाई म्हणाली.

रूपाली काळ्या दाण्यांकडे पाहत होती आणि तिच्या मनात एकेक गोष्ट जागेवर बसत होती. आंबलेलं ताक सासूनं बिनदिक्कत पाव्हण्यांना वाढलं होतं. उन्हाळ्यात एकदा गॅसचं बटण उघडं राहिलं, तेव्हा सासू आतच तांदूळ निवडत बसली होती, आणि रूपालीनं येऊन खिडक्या उघडल्या होत्या.

"आई," ती हळू आवाजात म्हणाली, "सर्दी हिवाळ्यापासूनच हाय का?"

कस्तुराबाई कढई घासायला घेऊन न्हाणीकडे गेली. पुष्कळ वेळ घासत बसली. रूपाली तिच्या मागं गेली नाही, की इंद्रभानला काही बोलली नाही. तिनं नवे दाणे काढले, दुसरी कढई ठेवली आणि भाजायला लागली. सासू परत आली तेव्हा दाणे खरपूस झाले होते. दोघींनी ते पाट्यावर वाटले.

रस्सा उपासाच्या पातेलीत चढला. नारळाचं दूध, वाटलेले दाणे, चिंचेचा कोळ, गूळ, तिखट, काळ्या बाटलीतलं चमचाभर. गणेशनं बजावून सांगितलं होतं, आंबट, गोड, खारट आणि तिखट, चारही चवी जिभेवर सारख्या बसल्या पाहिजेत, कुणी कुणाच्या पुढं जायचं नाही. रूपालीनं चाखून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "मले काही समजत नाही. गोड आमटी लागून राह्यली."

हा भंडारा नव्हता, नैवेद्य नव्हता, चाखायला कुणाची आडकाठी नव्हती. कस्तुराबाईनं तळहातावर थेंब घेतला. जिभेवर ठेवला आणि उभी राहिली.

आधी गोड आलं. मग मागून तिखट. आंबट फार लांब, जवळजवळ नाहीच. खारट कडेला कुठंतरी. हे सगळं तिला कळत होतं, लख्ख कळत होतं. हिवाळ्यापासून तिच्या तोंडात जे अन्न जायचं ते मुकं होतं. हा रस्सा बोलत होता.

"कोळ आन," ती म्हणाली. "अजून. थांब. आता बाटली."

पुन्हा थेंब. पुन्हा चिंच. गूळ नको, थोडं तिखट. तिनं दहा-बारा वेळा चाखलं आणि दर वेळी तिची मान आणखी पुढं येत होती. गणेशच्या त्या परदेशातल्या कुण्या बाईनं हे जिभेच्या हिशोबानंच बांधलं असेल का? तिचंही नाक गेलं असेल का? काहून केलं असेल तिनं असं? शेवटचा थेंब चाखून तिनं पळी खाली ठेवली.

"झालं."

अंगणात निंबाखाली तिघं जेवायला बसली. इंद्रभाननं काडी उचलली, संशयानं रश्शात बुडवली, तोंडात घातली, आणि मग तो नुसत्या काड्या मोजून ठेवू लागला. अकरावी काडी ठेवल्यावर म्हणाला, "पोरगं कामाचं शिकलं."

कस्तुराबाईनं एक घास खाल्ला. चारही चवी जागेवर होत्या. पण त्यांच्यामागं आणखी काहीतरी असणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दाणा भाजला आहे, गवती चहा आहे, निखाऱ्याचा धूर आहे. दार बंद होतं आणि आत माणसं बोलत होती, तिला फक्त कुजबुज ऐकू येत होती. इतक्या दिवसांत तिला पहिल्यांदा भीतीपेक्षा उत्सुकता जास्त वाटली.

"रूपाली," ती म्हणाली, "याचा वास कसा येते? सांग मले."

इंद्रभानचा हात थांबला. त्यानं बायकोकडे पाहिलं, मग सुनेकडे. सबंध गावाला वास सांगणारी ही बाई दुसऱ्याला वास विचारत होती.

रूपालीनं वाटी नाकाशी धरली. "चांगला येते."

"चांगला म्हनजे काय? नीट सांग. पहिला कोनता येते?"

"पहिला... दाण्याचा. पन आपल्या आमटीवानी नाही. नारळ त्याले झाकून राह्यला. मंग गवती चहा, पार शेवटी. लिंबाचं पान चोळल्यावानी."

कस्तुराबाईनं डोळे मिटले. "हं," ती म्हणाली. "आता दिसलं." आणि मग ती रडली, नवऱ्यासमोर, सुनेसमोर, हातात कोंबडीची काडी धरून. इंद्रभान गडबडला. त्यानं तिला पाणी दिलं आणि आपल्या वाटणीच्या दोन काड्या तिच्या ताटात ठेवल्या. त्याच्याकडून एवढंच व्हायचं होतं.

पुढचे दहा-बारा दिवस त्या घरात चमत्कारिक प्रकार चालला. रूपाली जे शिजवेल त्यावर वाकायची आणि सासू तिची उलटतपासणी घ्यायची. आधी काय, मागून काय, हिरवा की भाजका, नाकाच्या पुढं लागते की घशात उतरते? पहिले चार दिवस रूपालीच्या तोंडी "चांगला" आणि "मस्त" एवढेच दोन शब्द होते. पण एकदा मीठ न घालता आणि एकदा घालून वांगं शिजवलं, तेव्हा ती दोन्ही पातेल्यांवर आळीपाळीनं वाकत राहिली, आणि एकदम म्हणाली, "आई, याच्यात पाला हाय. त्याच्यात नाही." त्या दिवशी कस्तुराबाईनं तिच्यासाठी शिरा केला.

गणपतीच्या भंडाऱ्याला हाक आली. कस्तुराबाई निघाली ती रूपालीला सोबत घेऊनच. मंडळाच्या मांडवामागं कढई रटरटत होती, माणसं जमली होती. गोविंदसिंगनं झाकण काढलं. "या काकू."

कस्तुराबाईनं पदर खोचला, पण ती वाकली नाही.

"गोविंदसिंग," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "मले वास नाही येत. हिवाळ्यापासून."

गोविंदसिंगनं कलथा कढईच्या काठावर टेकवला.

"मले ठाऊक हाय."

"कसं?"

"हनुमान जयंतीले तुमी बरोबर हाय म्हनल्या, तवा कढईत मीठ पडलंच नोतं. किती मुठी सांगता, त्याचीच वाट पाहून राह्यलो होतो मी."

कस्तुराबाईच्या कानशिलांना झळ लागली. "मंग बोल्ला काहून नाही?"

"तुमी बोलाल म्हनून," तो म्हणाला. "तुमी गेल्यावर अंदाजानं टाकलं. पयल्या पंगतीत किती जनायनं मीठ मागून घेतलं, थे तुमाले सांगत नाही."

"अन् आता बलावलं कायले?"

"मंग कोनाले बलावू? नाक गेलं, पन डोस्कं तर घेऊन आल्या ना."

रूपाली पुढं झाली आणि कढईवर वाकली. तिचे कान लाल झाले होते. कस्तुराबाई तिच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली, आणि सगळ्या गावासमोर विचारू लागली. "पाला हाय?"

"हाय. थोडा."

"तिखटाच्या आधी येते, का मागून?"

"मागून. झाकल्यावानी."

"तेल सुटलं, का कच्चं हाय?"

"सुटलं."

कस्तुराबाईनं क्षणभर विचार केला. "दीड मूठ टाक, गोविंदसिंग."

नैवेद्य झाला, पंगती बसल्या. कस्तुराबाईनं पहिल्या घासाला नुसती भाजी तोंडात घातली. मीठ नेमकं होतं, तेवढं तिच्या जिभेला अजून कळत होतं. समोरच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "भाजी जमली बाप्पा. कस्तुराबाईनं पाह्यली वाटते."

"मी नाही," ती मोठ्यानं म्हणाली. "रूपालीनं."

बोलताना आत कुठंतरी चिमटा बसला, तो तिनं घासाबरोबर गिळला. तेवढ्यात रूपाली भाजीची बादली घेऊन वाढत वाढत तिच्या पानासमोर आली.

"रूपाली, थांब. निवली थोडी. आता कसा येऊन राह्यला?"

रूपाली बादली खाली ठेवून वाकली आणि सांगू लागली. पलीकडची माणसं रिकाम्या पानांवरून "भाजी, भाजी" करत होती, पण तिचं सांगून होईपर्यंत पंगत थांबली.